दोन प्रीअँप, एक पॉवर अँप आणि मधला पांढरा डबा: बॉस एलएस-२ चार महिने वापरून

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू लांबलाय. बॉस एलएस-२ म्हणजे बेस गिटारचा सिग्नल दोन वाटांनी नेऊन परत एकत्र करणारं किंवा त्यातली एक वाट निवडणारं पेडल. प्रीअँप म्हणजे आवाज घडवणारा भाग, पॉवर अँप म्हणजे तो मोठा करून स्पीकर चालवणारा. ज्यांना फक्त घेऊ का नको एवढंच हवंय त्यांच्यासाठी: दोन्ही बेस प्रीअँप पेडलच्या साइझचे असतील आणि दोन्ही एकाच पॉवर अँपमध्ये घालायचे असतील तर डोळे झाकून घ्या. त्यातला एक रॅकवाला, गरम म्हणजे जोरदार आउटपुटचा असेल तर घ्या, पण लेव्हलचा भाग वाचल्याशिवाय जोडू नका. आणि दोन्ही रॅकवाले असतील तर हा डबा तुमच्यासाठी नाही, छोटा अ‍ॅक्टिव्ह लाइन मिक्सर बघा. आता बाकीची रामकहाणी.

माझ्याकडे एक ट्यूबवाला प्रीअँप आहे, रॅकमधे एक युनिट, त्याचा क्लीन आवाज मला सोडवत नाही. दुसरा पायाखालचा, ड्राइव्हवाला, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारा, करकरीत. क्लीनचं वजन आणि ड्राइव्हची धार दोन्ही एकदम हवं होतं आणि पॉवर अँप एकच, कारण पाठही एकच. जॉन एन्टविसल (द हू), ख्रिस स्क्वायर (येस) ही बेसवादक मंडळी खालचे सूर एका अँपला आणि वरचे दुसऱ्या अँपला असले उद्योग फार पूर्वीच करून बसलीत, पण त्यांच्याकडे अँपच वेगवेगळे होते त्यामुळे दोन आवाज एका वायरवर आणायचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे तोच प्रश्न आहे.

पहिल्यांदा मी काय केलं, तर सगळे करतात तेच. वाय केबल. एका टोकाला दोन जॅक, दुसऱ्या टोकाला एक, दोन्ही प्रीअँपचे आउटपुट त्यात खुपसले आणि एकटं टोक पॉवर अँपला. आवाज आला. आणि खरी गोम इथेच आहे, आवाज येतो! आलाच नसता तर मी तिथेच थांबलो असतो. आला, पण जरा दबका, नाक चोंदल्यासारखा, मला वाटलं खोलीचा दोष असेल. मग फक्त ट्यूबवाला ऐकावा म्हणून ड्राइव्हवाल्याचा व्हॉल्यूम हळूहळू खाली आणायला लागलो तर ट्यूबवालाही त्याच्याबरोबर खाली खाली जायला लागला आणि नॉब शून्यावर आला तेव्हा दोघंही चिडीचूप. ड्रमर म्हणाला, अरे तुझी वायर गेलीय. वायर बदलली, तेच. शेवटी नॉब परत वर करून वैतागून ड्राइव्हवाल्याचा अ‍ॅडॅप्टरच उपटला, तर ट्यूबवाला बोलायला लागला खरा, पण हळू वाजवलं तर बरा आणि जोरात बोट मारलं की फर्रर्र, स्पीकरचा कागद फाटलाय की काय असं वाटावं असा.

वायर गेलेली नव्हती, अक्कल गेली होती. त्या ड्राइव्हवाल्यात व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) सर्किटच्या अगदी शेवटी बसलाय, म्हणजे शून्यावर नेला की आउटपुटची टिप (जॅकचं सिग्नलवालं टोक) सरळ ग्राउंडला टेकते, आणि वाय केबलमुळे ती टिप ट्यूबवाल्याच्या टिपेलाच जोडलेली, म्हणजे मी माझ्या हाताने ट्यूबवाल्याचं आउटपुट शॉर्ट करत होतो. आणि पॉवर काढलेला प्रीअँप म्हणजे रिकामा डबा नसतो, त्यातली ऑपअँपची, म्हणजे सिग्नल वाढवणारी, आउटपुट चिप तशीच वायरवर लटकलेली असते आणि सिग्नल थोडा मोठा झाला की तिच्या आतले जंक्शन कंडक्ट व्हायला लागून सिग्नलचे शेंडे छाटतात. तोच तो फर्रर्र.

साधं गणित आहे. प्रीअँपचं आउटपुट लो इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला कमी विरोध असलेलं, असतं, साधारण ५० ते ६०० ओम, आणि पॉवर अँपचं इनपुट १० किंवा २० किलोओम. एक बोलणारा, दुसरा ऐकणारा. एक आउटपुट दोनतीन इनपुटना वाटून द्या, कोणाची हरकत नाही. पण दोन आउटपुट एका वायरवर आणले की एका म्यानात दोन तलवारी. प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणतो व्होल्टेज मी ठरवणार, आणि दोघांच्या मधे २० किलोओमचं इनपुट नसून समोरच्याचे शेदोनशे ओम असतात, मग करंट तिकडेच वाहतो. बहुतेक प्रीअँप यातून जिवंत सुटतात कारण आउटपुटला सिरीजमध्ये एखादा रेझिस्टर असतो आणि ऑपअँपला स्वतःची करंट लिमिट असते. पण सुटतात म्हणजे चालतं असं नाही. डिस्टॉर्शन वाढतं, हेडरूम म्हणजे वरची मोकळी जागा जाते, चिप गरम होते, आणि ज्याच्या आउटपुटला तो रेझिस्टरच नाही त्याचं काय होईल याची पैज मी तरी लावणार नाही.

बरं, वाय केबल वापरायची नाही हे कळलं तरी माणूस तीच गोष्ट दुसऱ्या दाराने करतो, मी केलीय म्हणून सांगतो. माझ्या पॉवर अँपला प्रत्येक चॅनलवर एक एक्सएलआर (तीन पिनचं गोल सॉकेट) आणि एक जॅक आहे. मला वाटलं वा, एक प्रीअँप एक्सएलआरमध्ये, दुसरा जॅकमध्ये, काम झालं. पण बऱ्याच पॉवर अँपमध्ये हे दोन सॉकेट आतून एकमेकांना तारेनेच जोडलेले असतात, म्हणजे ती पॅनलवर बसवलेली वाय केबलच झाली. तसंच मागचा स्टिरिओ, पॅरलल, ब्रिज असा स्विच. दोन चॅनलला दोन प्रीअँप लावले आणि स्विच चुकून पॅरललवर राहिला की दोन्ही इनपुट आतून एक होतात. तपासायला मल्टीमीटर पुरतो. अँप बंद, प्लग भिंतीतून बाहेर, सगळ्या वायरी काढलेल्या, मीटर ओमवर, एक टोक एक्सएलआरच्या २ नंबर पिनला आणि दुसरं जॅकच्या टिपला, त्यासाठी जॅकमध्ये एक मोकळी केबल घालून तिच्या पलीकडच्या टोकाच्या टिपला टेकवा. माझ्याकडे मीटरने ०.३ ओम दाखवले. म्हणजे एकच तार.

तिसरं दार म्हणजे एबीवाय फुटस्विच उलटा वापरणे. हा माझ्याकडे पडून होता, साधा पॅसिव्ह, कंपनीचं नाव घेत नाही कारण चूक त्यांची नाहीच. गिटारचा सिग्नल दोन अँपला वाटायला बनवलेला डबा उलटा लावला तर ए किंवा बी यातला एक निवडायला मस्त चालतो, कारण एका वेळी एकच प्रीअँप जोडलेला असतो. पण तिसऱ्या स्थितीत, जिथे दोन्ही दिवे लागतात, तिथे आत दोन्ही तारा एकमेकांना टेकतात आणि आपण परत पहिल्या पानावर. त्यात पॅसिव्ह स्विच बदलताना ठप्प असा आवाज यायचा, आणि पॉवर अँपच्या तोंडाशी झालेला ठप्प म्हणजे सगळा गेन त्याच्यापुढे, ट्वीटर एकदा उडाल्यासारखा झाला तेव्हा मी तो डबा काढून ठेवला.

मग एलएस-२ घेतला. हा काही नवा माल नाही, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून बाजारात आहे, बॉसची नेहमीची पेडलची चण, रंग पांढरा, तीन नॉब: लेव्हल ए, लेव्हल बी आणि मोड. नाव लाइन सिलेक्टर असलं तरी माझ्या कामाचा भाग सिलेक्टर नाही, आतला मिक्सर आहे. बेस इनपुटला, सेंड ए मधून ट्यूबवाल्याकडे आणि तिथून रिटर्न ए, सेंड बी मधून ड्राइव्हवाल्याकडे आणि तिथून रिटर्न बी, आणि आउटपुट थेट पॉवर अँपला. सेंडमधून जाऊन रिटर्नला परत येणारी प्रत्येक वाट म्हणजे एक लूप. दोन प्रीअँपचे आउटपुट इथे दोन वेगळ्या रिटर्नमध्ये जातात, प्रत्येकाला समोर इनपुटच दिसतं, आणि बेरीज आतल्या सर्किटमध्ये होते. ड्राइव्हवाल्याचा नॉब शून्यावर नेला, ट्यूबवाला जागचा हलला नाही. अ‍ॅडॅप्टर उपटला, तरी हलला नाही. तेवढ्यासाठीच मला हा डबा आवडला, खरं तर तिथेच रिव्ह्यू संपायला हरकत नव्हती.

दुसरा फायदा इनपुटच्या बाजूला. पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) बेस थेट दोन प्रीअँपना समांतर लावला तर पिकअपला दोन्हींचा भार दिसतो, १ मेगाओमचे दोन म्हणजे अर्धा मेगाओम, एखाद्याचं इनपुट त्याहून कमी असलं तर वरची चमक जाते आणि नॉब फिरवताना टोन सरकतो. इथे बेसच्या समोर बफर (भार न टाकता सिग्नल पुढे देणारं सर्किट) येतो आणि पुढचं वाटप बफर करतो. अ‍ॅक्टिव्ह बेस असेल तर हा फरक तुम्हाला कळणारही नाही, माझा पॅसिव्ह आहे, मला पहिल्याच सुरात कळला.

मोड सहा आहेत, त्यातले माझ्या कामाचे तीन. ए आणि बी मधे अदलाबदल. ए, बी, बायपास असं चक्र. आणि ए अधिक बी मिक्स विरुद्ध बायपास. हे सगळं वाचून जे डोक्यात येतं ते मात्र यात होत नाही: क्लीन चालू आहे आणि पाय मारला की वर ड्राइव्ह चढला, परत मारला की उतरला, असा मोडच नाही. मिक्स मोडमध्ये पाय मारला की दोन्ही प्रीअँप जातात आणि कोरा बेस पॉवर अँपला लागतो. उपाय सोपा आहे, एलएस-२ कायम मिक्सवर ठेवा आणि ड्राइव्हवाल्यालाच त्याच्या पायाने चालूबंद करा. पण बघून घ्या, बंद केल्यावर तो गप्प होतो का बायपास होऊन कोरा सिग्नल पुढे सोडतो. बहुतेक पेडल सोडतात, मग रिटर्न बी मधे कोरा बेस येतो आणि क्लीनवर अजून एक थर चढतो. मी बी लूपमध्ये ड्राइव्हवाल्यानंतर एक साधा म्यूट स्विच टाकलाय, सिग्नलला ग्राउंड करणारा. इथे ग्राउंड करणं चालतं, कारण वायरवर एकच आउटपुट आहे आणि स्विचच्या आधी १ किलोओमचा रेझिस्टर आहे.

आता लेव्हल. हा भाग रॅकवाल्यांनी नीट वाचा. एलएस-२ हा ९ व्होल्टवर चालतो. ९ व्होल्टवर चालणारं कुठलंही सर्किट वरपासून खालपर्यंत ९ व्होल्टपेक्षा जास्त झोका घेऊ शकत नाही, आरएमएसमध्ये (सरासरीसारखं माप) सांगायचं तर कागदावर ३ व्होल्टच्या आसपास आणि प्रत्यक्षात त्याहून थोडं कमीच. आता स्टुडिओ लेव्हल, प्लस ४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. बसतं की, असं वाटतं. पण बेसवर अंगठा मारला की तो टोला सरासरीच्या १२ डीबी वर सहज जातो, म्हणजे चौपट, म्हणजे जवळजवळ ५ व्होल्ट, आणि तिथे डबा क्लिप होणार, म्हणजे सिग्नलचे शेंडे छाटणार. यात पेडलचा दोष काही नाही, पेडल लेव्हलसाठी केलेली वस्तू आहे आणि तिला रॅकचं तोंड मी लावलं. माझ्या ट्यूबवाल्याचा मास्टर व्हॉल्यूम घड्याळाच्या बारावर असताना स्लॅप केलं की कडकड यायची, मी दोन दिवस ट्यूब बदलायच्या गोष्टी करत होतो. मास्टर नऊवर आणला, पॉवर अँपचा अ‍ॅटेन्युएटर (इनपुट लेव्हलचा नॉब) उघडला, कडकड गेली. आणि पॉवर अँपला खरं तर एवढं लागतही नाही, पूर्ण ताकदीसाठी त्यांची सेन्सिटिव्हिटी साधारण ०.७७५ व्होल्ट, १ व्होल्ट, १.४ व्होल्ट अशीच असते, मागे किंवा मॅन्युअलमध्ये छापलेली सापडते. म्हणजे डब्याची हद्द ओलांडायच्या आधीच पॉवर अँप पूर्ण भरलेला असतो. आपणच सवयीने प्रीअँप चढवून अँप उतरवून ठेवतो.

यातच एक गोष्ट आहे जी मला कोणीच सांगितली नव्हती आणि ती प्रीअँपची नाही, स्पीकरची आहे. दोन्ही लूपमध्ये एकच बेस जातोय, म्हणजे सारखाच सिग्नल. दोन सारखे सिग्नल सारख्या लेव्हलला एकत्र आले की व्होल्टेज दुप्पट होतं, ६ डीबी, आणि पॉवर चौपट लागते. ए एकट्यावर अँप ७० वॉट देत असेल तर बी बरोबरीने चढवल्यावर तोच अँप २८० मागायला लागतो. म्हणजे डब्याने प्रीअँप वाचवले आणि आपण कॅबिनेट जाळायला निघालो. म्हणून मी लेव्हल एकेकट्याने लावत नाही. दोन्ही चालू, जास्तीत जास्त जोरात जे वाजवणार ते वाजवायचं, तिथे पॉवर अँपचा क्लिपचा दिवा लागणार नाही असं बसवायचं, मग एकेकटा थोडा हळू वाटला तर वाटू दे.

हे सगळं पोलॅरिटी, म्हणजे सिग्नलची सरळ-उलट दिशा, बरोबर असेल तर. नसेल तर उलट गंमत. काही प्रीअँप सिग्नल उलटा करून बाहेर देतात, काही सरळ. एक सरळ आणि एक उलटा असेल तर बेरजेच्या जागी वजाबाकी होते आणि सगळ्यात आधी खालचे सूर जातात, कारण वरच्या भागात ड्राइव्हमुळे दोघांचा आवाज वेगळा असतो, तो पूर्ण कापला जात नाही, खालचा मात्र दोघांत जवळजवळ सारखा. ओळखायचं कसं: मोकळी ई तार, ४१ हर्ट्झ, सोडा, लेव्हल बी शून्यावर ठेवा आणि हळूहळू वर आणा. सूर जाडा होत गेला तर ठीक. मधेच पोकळ होऊन पत्र्यासारखा वाजायला लागला आणि अजून वर नेल्यावर परत भरला तर एक प्रीअँप उलटा आहे. एलएस-२ वर फेजचा (सिग्नल उलटवायचा) स्विच नाही, त्यामुळे सोय बाहेर करावी लागते. बऱ्याच बेस प्रीअँपवर फेजचं बटण असतं, आधी ते शोधा. ते नसेल आणि प्रीअँपला खरंच बॅलन्स्ड एक्सएलआर आउटपुट असेल तर एक केबल अशी बनवता येते की पिन ३ जॅकच्या टिपला, पिन १ स्लीव्हला, आणि पिन २ मोकळी. पण हे ज्या आउटपुटमध्ये पिन ३ वर खराच सिग्नल येतो तिथेच चालतं. काही ठिकाणी पिन ३ फक्त रेझिस्टर घालून ग्राउंडला लावलेली असते, तिथे या केबलमधून शांतता ऐकू येईल. मला नशिबाने बटण मिळालं, ड्राइव्हवाल्याच्या मागच्या बाजूला, पेनाच्या टोकाने दाबायचं, दोन वर्षं ते रीसेट आहे असं समजून मी त्याला हात लावला नव्हता.

डिजिटल मॉडेलर (अँपची नक्कल करणारा डबा) एका लूपमध्ये आणि अ‍ॅनालॉग प्रीअँप दुसऱ्यात असेल तर फेजच्या बटणाने भागणार नाही. डिजिटलला आत बाहेर करायला थोडा वेळ लागतो, तो समजा २ मिलिसेकंद असेल तर २५० हर्ट्झला खड्डा पडतो, मग ७५० ला, मग १२५० ला. २५० म्हणजे नेमका बेसचा गळा. एका मित्राचं मॉडेलर घालून बघितलं, लाकडी पेटीतून वाजतंय असं झालं. त्यावर चालणारी युक्ती म्हणजे डिजिटलच्या लूपमधून खालचा भाग कापून टाकायचा, हायपास फिल्टर ३०० हर्ट्झच्या वर, आणि वजन सगळं अ‍ॅनालॉगकडे ठेवायचं. एकमेकांवर चढणारा भाग कमी झाला की भांडणही कमी. ड्राइव्हसाठी एरवीही हे बरंच वाजतं, चिखल होत नाही.

हम. ओहो, हम. पहिल्या दिवशी सगळं जोडून अँप चालू केला आणि हुंऽऽऽ. कारण रॅकवाल्याची स्वतःची तीन पिनची वायर अर्थिंगसकट, पॉवर अँपची तशीच, आणि दोघांचे ग्राउंड एलएस-२ मधून ऑडिओ केबलच्या शिल्डनेही जोडलेले, म्हणजे तारेचं एक मोठं वर्तुळ तयार झालं. एलएस-२ मध्ये आयसोलेशन नाही, ग्राउंड सगळ्यांचा एकच. इथे लोक जो उपाय सांगतात तो ऐकून अंगावर काटा येतो, अर्थिंगची पिन कापायची, नाहीतर टेप लावायचा. नका हो. ती पिन आवाजासाठी नाही, आत काही सुटून अँपच्या पेटीला लाइव्ह टेकलं तर फ्यूज उडावा म्हणून आहे, आणि ती नसेल तर तो करंट पेटीतून शिल्डने तारांवर येतो आणि तारांवर तुमचा हात असतो. कापायचंच तर ऑडिओची बाजू कापा. मी एलएस-२ चं आउटपुट आणि पॉवर अँप यांच्या मधे एक १:१ लाइन ट्रान्सफॉर्मरचा डबा टाकला, हुं गेलं. थोडी कुजबुज राहिली होती ती ड्राइव्हवाला आणि एलएस-२ एकाच अ‍ॅडॅप्टरवर साखळीने लावल्यामुळे, आयसोलेटेड सप्लाय लावला, तीही गेली. अजून एक, ड्राइव्हवाल्याचा डीआय (मिक्सरला द्यायचं वेगळं आउटपुट) हॉलच्या मिक्सरला गेला की परत एक नवीन ग्राउंड येतो, तिथे त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं, ते बटण खास त्याच्यासाठीच असतं. आणि मिक्सरवरून ४८ व्होल्ट फँटम (माइकसाठी मिक्सर केबलमधून देतो तो पुरवठा) येत असेल तर त्या एक्सएलआरला दुसऱ्या प्रीअँपच्या एक्सएलआरबरोबर वाय करून लावायचा विचार स्वप्नातसुद्धा करू नका, प्रत्येकाला मिक्सरवर स्वतःचा चॅनल.

बायपासचं राहिलं. मिक्स मोडमध्ये बायपास म्हणजे कोरा बेस, आणि कोऱ्या बेसचा सिग्नल प्रीअँपच्या मानाने अगदीच बारीक. एका कार्यक्रमात केबल ओढताना माझाच पाय पेडलवर पडला आणि कळलंच नाही, आवाज बसला म्हणून मी मागे वळून पॉवर अँपचा अ‍ॅटेन्युएटर पूर्ण उघडला, तरी कमीच, म्हणून खाली बघितलं, दिवा बंद, आणि बावळटासारखा पाय मारला. पुढचा सूर अख्ख्या हॉलने छातीवर घेतला. कॅबिनेट वाचलं, ड्रमर अजून बोलतोय. तेव्हापासून नियम: आवाज गेला तर आधी पायाशी बघायचं, अँपकडे नंतर.

चालू करायचा क्रम तोच जुना, पण दोन प्रीअँपमुळे जास्त पाळावा लागतो. आधी दोन्ही प्रीअँप आणि एलएस-२, ट्यूबवाल्याला एखादं मिनिट गरम होऊ द्यायचं, तो चालू होताना त्याच्या आउटपुटवर एक मोठा धक्का येतो, आणि मग सगळ्यात शेवटी पॉवर अँप. बंद करताना पॉवर अँप आधी, त्याचे दिवे विझेपर्यंत थांबून मग बाकीचे. आणि स्टेजवर मधेच केबल बदलायची झाली तर अ‍ॅटेन्युएटर खाली. एलएस-२ चा स्वतःचा स्विच इलेक्ट्रॉनिक आहे, त्याचा ठप्प मला तरी कधी त्रासदायक वाटला नाही, जुन्या एबीवायच्या मानाने तर स्वर्ग.

ज्यांना डबा घ्यायचाच नाही त्यांच्यासाठी पॅसिव्ह रस्ता आहे, मी आधी तोही केला होता. प्रत्येक प्रीअँपच्या आउटपुटला सिरीजमध्ये एकेक रेझिस्टर, मी ४.७ किलोओमचे घातले, आणि रेझिस्टरच्या पलीकडे दोन्ही तारा जोडून पॉवर अँपला. २० किलोओमच्या इनपुटवर प्रत्येक सिग्नल साधारण ७ डीबी खाली येतो, तो रॅकवाले सहज भरून काढतात, आणि प्रत्येक प्रीअँपला समोर आठ साडेआठ किलोओम दिसतात, म्हणजे भांडण संपलं. एकाचा नॉब शून्यावर नेला तर दुसरा थोडा हलतो का, तर नाही, त्याला प्रीअँपचे शंभर ओम आणि ग्राउंड यात फरक करताच येत नाही, मधे ४.७ किलोओम असल्यामुळे. नॉब मधोमध असताना पॉटच्या रेझिस्टन्समुळे थोडं सरकतं. याला ९ व्होल्टची मर्यादा नाही, बॅटरी नाही, क्लिप होत नाही. लेव्हलचे नॉब नाहीत, बेस वाटून द्यायची सोय वेगळी करावी लागते, आणि बॅलन्स्ड वायरी असतील तर पिन २ आणि पिन ३ दोन्हींना वेगवेगळे रेझिस्टर लागतात. दोन रॅकवाल्यांसाठी मी अजूनही हेच सांगेन, नाहीतर अ‍ॅक्टिव्ह लाइन मिक्सर.

आणि पॉवर अँप दोन चॅनलचा असून कॅबिनेटही दोन असतील तर यातलं काहीच नको, स्विच स्टिरिओवर आहे ना एवढं बघून एक प्रीअँप एका चॅनलला, दुसरा दुसऱ्याला, मिक्सिंग हवेत होऊ दे. फक्त बेस वाटायला एक बफरवाला स्प्लिटर. माझ्याकडे कॅबिनेट एक आहे म्हणून हा सगळा खटाटोप.

बारीकसारीक तक्रारी. एवढ्याशा डब्यात सहा जॅक, जाड प्लग शेजारीशेजारी बसवताना कसरत होते, चपटे घ्या. मोडचा नॉब बाकीच्या दोघांसारखाच असल्यामुळे अंधारात लेव्हल बी समजून मी तोच फिरवतो. मागे अ‍ॅडॅप्टरच्या इनपुटजवळच पॉवर बाहेर द्यायचा जॅक आहे, सोय चांगली, पण वर सांगितलं तसं त्यातून प्रीअँप चालवून कुजबुज ओढवून घेऊ नका.

सध्या माझ्याकडे ट्यूबवाल्याचा मास्टर नऊवर, लेव्हल ए बारावर, लेव्हल बी दहावर, आणि मोडच्या नॉबवर काळ्या टेपचा तुकडा.